मेडिक्लेम असताना क्रिटिकल इलनेस पॉलिसी कशाला? एका जॉबवर्कवाल्याच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४१, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत स्वतःचं छोटं सीएनसी जॉबवर्कचं युनिट (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्यांच्या ऑर्डरीप्रमाणे काम करून द्यायचं), दोन मशीन आणि दोन्हीचे हप्ते चालू. मिसेस झेडपीच्या शाळेत शिक्षिका, मुलगी आठवीत. वडील ७१ वर्षांचे, त्यांची ६२ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. घरात १० लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेला, मेडिक्लेम आहे. आता एजंट मागे लागलाय की नवरा-बायको दोघांच्या नावावर ३६ आजारांची, ५०-५० लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी घ्या. आणि तुम्ही विचारताय, मेडिक्लेम आहेच की, मग ही कशाला, त्याच्या कमिशनसाठी? आणि वडिलांनाही मिळेल का?

कमिशन तर त्याला मिळणारच, मलाही मिळतं, ते लपवण्यात काय अर्थ नाही. मी या धंद्यात १९ वर्षं आहे, पहिली सहा वर्षं टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, क्लेमच्या फायली तपासायला होतो, नंतर सल्लागार झालो. म्हणजे क्लेम नाकारायची शिफारस माझ्या सहीनेही गेलीये आणि नाकारलेल्या क्लेमसाठी लोकांच्या बाजूने भांडलोही आहे. त्यावरून सांगतो, तुमच्या घरात ही पॉलिसी एकाला लागते, दुसऱ्याला जवळपास लागत नाही, आणि ५० लाखांची तर दोघांनाही लागत नाही.

आधी मूळ गोंधळ सोडवू. मेडिक्लेम म्हणजे झालेल्या खर्चाची भरपाई. अॅडमिट झालात, बिल झालं, त्यातलं कंपनीला मान्य असेल तेवढं हॉस्पिटलला गेलं, विषय संपला. क्रिटिकल इलनेसचा बिलाशी संबंधच नाही. यादीतला आजार झाला आणि तो त्यांच्या व्याख्येत बसला की ठरलेली पूर्ण रक्कम एकरकमी तुमच्या खात्यात. बिल दोन लाख झालं का वीस लाख, कंपनी विचारत नाही, पैशाचं काय केलं तेही विचारत नाही. मशीनचा हप्ता भरा, पोरीची फी भरा, ऑपरेटरचा पगार करा, तुमची मर्जी.

त्यामुळे उपचाराला पैसे पुरतील का हे मेडिक्लेमला विचारायचं. या पॉलिसीसाठी प्रश्न वेगळा आहे: तुम्ही दीड वर्ष युनिटवर पाय ठेवला नाही तर घर कशावर चालेल?

एक उदाहरण सांगतो, नाव-गाव सोडून. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक केटररबाई माझ्याकडे होत्या, मेडिक्लेम आणि १५ लाखांची क्रिटिकल इलनेस असं दोन्ही. ऐन सीझनच्या तोंडावर ब्रेस्ट कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, बहुतेक सगळं मेडिक्लेममधून कॅशलेस झालं, हॉस्पिटलचं त्यांना फार काही जाणवलंच नाही. जाणवलं ते वेगळ्याच ठिकाणी. क्लेमचे पैसे जमा झाल्यावर मी घरी गेलो तेव्हा त्या डोक्याला रुमाल बांधून ऑर्डरची वही घेऊन बसल्या होत्या आणि एकेका पार्टीला फोन करून घेतलेला इसार परत करत होत्या. मग भांड्यांच्या गोडाऊनचं थकलेलं भाडं दिलं, हाताखालच्या दोन बायकांना "तुम्ही दुसरीकडे जाऊ नका, मी उभी राहीन" म्हणून अर्धा पगार चालू ठेवला, दर २१ दिवसांनी केमोला जायला गाडी ठरवली. यातला एक रुपयाही मेडिक्लेम देत नाही, देणारही नाही, ते त्याचं कामच नाही. पुढच्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नानंतर त्यांनी परत ऑर्डरी घेतल्या, आणि त्याच दोन बायका सोबत होत्या.

ही पॉलिसी निघालीच मुळात असल्या अनुभवातून. १९८३ साली दक्षिण आफ्रिकेत मारियस बर्नार्ड नावाच्या हार्ट सर्जनच्या डोक्यातून आली ती. १९६७ ला जगातलं पहिलं हृदयरोपण करणाऱ्या ख्रिस्तियान बर्नार्डचा हा भाऊ, त्या टीममध्येही होता. ऑपरेशन करून माणूस वाचवायचा आणि वाचलेला माणूस पैशाने बुडायचा, हे त्याने बघितलं. पहिल्या पॉलिसीत आजार किती होते? चार. हार्ट अटॅक, कॅन्सर, स्ट्रोक आणि बायपास. ते चार लक्षात ठेवा, ३६ च्या यादीकडे परत येताना लागतील.

आता तुमच्या घराकडे. मिसेसचं आधी, कारण ते सोपं आहे. झेडपीची नोकरी, म्हणजे अर्धवेतनी रजा साठलेली असणार, वर्षाला २० दिवस जमा होते, आणि वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारावर घेता येते. १५ वर्षं नोकरी झालेली आणि रजा फारशी न वापरलेली बाई असेल तर आजारपणात बरेच महिने काही ना काही पगार येत राहतो, आणि बरी झाल्यावर नोकरी जाग्यावर असते. त्यांच्यासाठी ही पॉलिसी असली तर बरं, नसली तर घर बसत नाही. (त्यांच्या नावावर गृहकर्ज असेल आणि त्यांच्याच पगारातून हप्ता जात असेल तर मात्र थोडा विचार करा. ते तुम्ही लिहिलेलं नाही.)

तुमचं अगदी उलटं आहे. तुम्हाला रजा कोण देणार? तुम्ही मशीनवर नाही म्हणजे प्रोग्रॅम सेट करायला कोणी नाही, पार्टीकडे जाऊन पेमेंट काढायला कोणी नाही, आणि जॉबवर्कची पार्टी तीन महिने थांबत नाही, शेजारच्या गाळ्यात जाते. हप्ता मात्र पाच तारखेला जातोच. म्हणजे ज्याचं काम त्याच्या स्वतःच्या हातावर आहे, डोक्यावर कर्ज आहे आणि मागे पोरं शिकतायत, त्याला ही पॉलिसी. रिक्षावाला, डॉक्टर, वकील, ब्युटी पार्लरवाली, कॉन्ट्रॅक्टवरचा आयटीवाला, सगळे त्यातच आले. उलट ज्याला गाळ्यांचं भाडं येतं, कर्ज नाही, बँकेत चार पैसे आहेत, त्याने प्रीमियम कशाला भरायचा?

रक्कम किती, ते एजंटला विचारू नका, वहीत मांडा. मी अंदाजे आकडे धरतो, तुम्ही तुमचे घाला. घरखर्च महिना ५० हजार, दोन्ही मशीनचे हप्ते ४२ हजार, गाळ्याचं भाडं आणि हेल्परचा पगार ३५ हजार. झाले १ लाख २७ हजार. त्यातून मिसेसचा हातात येणारा पगार ६२ हजार वजा, आणि ऑपरेटर ठेवून युनिट रडतखडत चाललं तर २० हजार सुटतील असं धरा. खड्डा उरतो महिना ४५ हजारांचा. दोन वर्षांचे १० लाख ८० हजार. वर चारेक लाख वरखर्चाला, प्रवास, मुंबईला राहणं, फिजिओथेरपी, घरी माणूस ठेवणं, आणि डिस्चार्जनंतरचे साधारण ६० ते ९० दिवस संपले की मेडिक्लेम हात काढून घेतो त्यापुढची औषधं. म्हणजे १५ लाख. प्रीमियम झेपत असेल तर २० करा. ५० लाखांच्या प्रीमियमच्या पैशात दुसरी महत्त्वाची कामं होतात, ती खाली सांगतो.

दोनच वर्षं का धरली? ठोकताळा आहे माझा. फायलींवरून बघितलंय की माणूस साधारण वर्ष-दीड वर्षात एकतर कामावर येतो किंवा मग घरचे मशीन विकायचं, धंदा बदलायचं ठरवतात. ठरवायला वेळ मिळणं हेच या पैशाचं काम.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच लोक फसतात. ३६ आजार का १२ आजार हे बघूच नका. आयआरडीएने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, मुख्य आजारांच्या व्याख्या ठरवून दिल्यात, सगळ्या कंपन्यांना त्याच वापराव्या लागतात, बाकीची नावं यादी लांब दिसायला. मी बघितलेल्या फायलींतल्या बहुतेक चारच गोष्टींच्या होत्या: कॅन्सर, हार्ट, स्ट्रोक, किडनी. म्हणजे पहिल्या पॉलिसीतले तेच चार (अटॅक आणि बायपास दोन्ही हार्टमध्ये आले), वर फक्त किडनी. तेव्हा या चारच्या व्याख्या पॉलिसीच्या पुस्तिकेत शोधा आणि सावकाश वाचा.

हार्टचं बघा, तुमच्या घरात ते आहे म्हणून. वडिलांना झालं तसं, छातीत भरल्यासारखं वाटतं म्हणून दाखवलं, अँजिओग्राफीत ब्लॉक निघाले, स्टेंट टाकला. हे या पॉलिसीत बसत नाही! बायपासच्या व्याख्येत छाती उघडून किंवा छोट्या छेदातून केलेलं बायपासचं ऑपरेशन लिहिलंय आणि अँजिओप्लास्टी वगळलीये असं स्पष्ट लिहिलंय. काही पॉलिसी अँजिओप्लास्टीला वेगळी छोटी रक्कम देतात, असेल तर चांगलंच. पण खराखुरा अटॅक आला आणि नंतर स्टेंट टाकला, तर अटॅकच्या कलमाखाली पैसे मिळतात. त्यासाठी तीन गोष्टी कागदावर लागतात, छातीतल्या दुखण्याची नोंद, कार्डिओग्राममधले नवीन बदल आणि रक्तात ट्रोपोनिनसारखे घटक वाढलेले. नुसता अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं पण अटॅक नाही, असं असेल तर नाही.

आणि ही कार्डिओग्रामची पट्टी. कॅज्युअल्टीत नेल्या नेल्या जी पहिली काढतात ना, तिच्यावर अख्खा क्लेम उभा असतो. ती थर्मल कागदावर असते, बसच्या तिकिटासारख्या, आणि काही महिन्यांत पुसट होत जाते. माझ्यासमोर एक फाइल आली होती, सगळं बरोबर होतं, पहिली पट्टी फक्त पांढरी पडलेली, त्यावर एक रेघ दिसत नव्हती. हॉस्पिटलकडे कॉपी नव्हती. चार महिने पत्रव्यवहार केला त्यावर. तेव्हा घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, अशी पट्टी हातात आली की मोबाइलवर फोटो आणि त्याच दिवशी झेरॉक्स.

स्ट्रोकच्या व्याख्येत कायमचा परिणाम लागतो, आणि तो निदान तीन महिने टिकलेला दिसला पाहिजे. एका टेलरचा उजवा हात एका सकाळी लुळा पडला, कात्री हातातून सुटली. लवकर नेलं, इंजेक्शन मिळालं, तीन आठवड्यांत हात परत चालायला लागला. क्लेम नाही मिळाला. त्यांच्या मिसेस माझ्यावर चिडल्या, "म्हणजे माणूस अधू झाला असता तर पैसे दिले असते का?" मी काय बोलणार, उत्तर हो असंच होतं. ते विकताना मी त्यांना सांगितलं नव्हतं, ती चूक माझीच. तेव्हापासून मी पॉलिसी विकायच्या आधी हे उदाहरण सांगतो, त्यात अर्धे लोक उठून जातात, जाऊ देत.

कॅन्सरमध्ये अगदी सुरुवातीची अवस्था, म्हणजे कार्सिनोमा इन सिटू, वगळलेली आहे. थायरॉइडची दोन सेंटिमीटरपर्यंतची, बाहेर न पसरलेली गाठ वगळलेली, प्रोस्टेटचा कमी ग्रेडचा वगळलेला. काही पॉलिसी सुरुवातीच्या अवस्थेला २५ टक्के वगैरे देतात, दोन पॉलिसींत निवड करायची झाली तर मी हे बघतो. किडनीत दोन्ही निकामी आणि कायम डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांट.

याशिवाय दोन मुदती. पहिले ९० दिवस वेटिंग, त्यात निदान झालं किंवा लक्षणं दिसली तरी काही नाही. आणि सर्व्हायव्हल पिरियड, म्हणजे निदानानंतर ठरलेले दिवस, बऱ्याच पॉलिसींत ३०, माणूस जिवंत असला पाहिजे. अटॅक येऊन पाचव्या दिवशी गेला तर या पॉलिसीतून शून्य. म्हणूनच टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेल्यावर घरच्यांना रक्कम देणारा विमा, याच्या आधी. तुम्ही टर्मचा उल्लेखच केलेला नाही, मला त्याचीच जास्त काळजी वाटली. मशीनचं कर्ज फिटेल आणि पोरीचं शिक्षण होईल एवढा टर्म नसेल तर आज हे सगळं वाचायचं थांबवून आधी तो घ्या.

आणि अजून एक, क्रिटिकल इलनेसमध्ये बोट गेलं, हात मशीनमध्ये आला, पाय मोडून चार महिने घरात, यातलं काहीच येत नाही, तो आजार नाही, अपघात आहे. मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाने पर्सनल अॅक्सिडेंट विमा घ्यावा, आणि त्यात तात्पुरतं काम बंद पडलं तर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारा भाग आहे का ते बघून घ्यावा. हप्ता त्याचा बराच कमी असतो. मी तुमच्या जागी असतो तर टर्म, मग हा, मग १० लाखांच्या फ्लोटरवर सुपर टॉपअप (ठरलेल्या रकमेच्या वरचं बिल देणारा जादा मेडिक्लेम), आणि मग तुमच्या एकट्याच्या नावावर १५ ते २० लाखांची क्रिटिकल इलनेस. या क्रमाने. ५० लाखांच्या पैशात हे सगळं बहुधा बसेल, कोटेशन काढून बघा.

टर्म नवीन घेणार असाल तर त्याच्यावर रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर, म्हणूनही हे मिळतं. स्वस्त पडू शकतं, पण दोन गोष्टी विचारा. एक, रायडर अॅक्सिलरेटेड आहे का. तसा असेल तर १ कोटीच्या टर्ममधून २० लाख आजारात दिले की मागे ८० लाखच उरतात, तेच पैसे आधी दिले एवढंच. दुसरं, प्रीमियम किती वर्षं स्थिर आहे. जनरल किंवा हेल्थ कंपनीची वेगळी पॉलिसी घेतली तर वयाचा टप्पा ओलांडला की हप्ता वाढतो, पन्नाशीनंतर चांगलाच वाढतो. तेव्हा कर्ज फिटलेलं असेल, पोरगी कमावती असेल, तर पॉलिसी बंद करायला मला काही वाईट वाटत नाही. आयुष्यभर चालवायची वस्तू नाही ही. आणि बहुतेक साध्या पॉलिसी एकदा पूर्ण रक्कम दिली की तिथेच संपतात.

टॅक्सचं बोलून एजंट गळ घालतात म्हणून सांगतो, हेल्थ प्रीमियमवरची आयकर सूट (८०डी म्हणून ओळखतात ती) जुन्या करपद्धतीत मिळते, आणि २५ हजारांच्या मर्यादेत तुमचा फ्लोटरही मोजला जातो. नवीन पद्धतीत असाल तर सोडून द्या तो विषय. हां, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ आणि लाइफ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्यामुळे कुणी जुनं कोटेशन दाखवत असेल तर नवीन काढायला सांगा.

आता एक खाजगी प्रश्न, रागावू नका. मावा खाता का? आपल्या भागात गाळ्या-गाळ्यावर चालतो म्हणून विचारतो. प्रपोजल फॉर्ममध्ये "तंबाखू" विचारतात तेव्हा लोकांना वाटतं सिगारेटच विचारली, एजंट पण "नाही" वर टिक करून मोकळा होतो. मावा, गुटखा, मशेरी, सगळं तंबाखूच. तोंडाच्या कॅन्सरचा क्लेम आला की हॉस्पिटलच्या केस पेपरवर पहिल्याच ओळीत डॉक्टरने लिहिलेलं असतं, दहा वर्षांपासून तंबाखू चघळण्याची सवय. तिथे मग कंपनीला आयतं कारण मिळतं. हेल्थ पॉलिसीत सलग ६० महिने झाल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हे खरं, पण पाच वर्षं काही होणार नाही असं आपण कशाच्या जोरावर म्हणायचं? जास्त प्रीमियम भरा आणि खरं लिहा. वडिलांची अँजिओप्लास्टी पण लिहा, फॅमिली हिस्टरीचा रकाना असतो त्यात, वयासकट. बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर तीही. फॉर्म स्वतः भरा आणि पॉलिसी आली की सोबत जोडलेली फॉर्मची कॉपी एकदा वाचा, चुकलं असेल तर परत करायला ३० दिवस असतात.

क्लेमच्या वेळचं एक कामाचं सांगतो. मेडिक्लेम कॅशलेस नसेल तर ती कंपनी सगळे ओरिजिनल कागद मागते, आणि दुसऱ्या कंपनीत क्रिटिकल इलनेस असली की लोकांची पळापळ होते. देण्याआधी पूर्ण सेटच्या झेरॉक्स काढून हॉस्पिटलचा शिक्का मारून घ्या, डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी रिपोर्ट, सगळं. आणि नाकारलाच तर गप्प बसू नका, आधी कंपनीला लेखी तक्रार, महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूरकरांसाठी पुण्याचं ऑफिस. फी नाही, वकील लागत नाही, वर्षाच्या आत जायला लागतं फक्त.

राहिले वडील. ७१ व्या वर्षी, स्टेंट असताना, त्यांना क्रिटिकल इलनेस कुणी देणार नाही, आणि दिली तरी मी घेऊ नका म्हणेन, त्यांच्या कमाईवर घर नाही. त्यांना लागतो तो उपचाराचा खर्च. त्यासाठी ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढा, ऑक्टोबर २०२४ पासून चालू आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि आधीचा आजार असला तरी चालतो. आधार कार्ड आणि मोबाइल घेऊन जा, ओटीपी येतो. आपल्या राज्याची महात्मा फुले योजना पण आहे ५ लाखांची, तिच्यासाठी रेशन कार्ड शोधून ठेवा. तुमच्या जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते मात्र आत्ताच जाऊन विचारून या, रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागल्यावर विचारायची ती गोष्ट नाही.